वाचणाऱ्यांची मंडळी

१८८७ साली जळगावातून एक मासिक निघालं. त्यात बातम्या नव्हत्या, राजकारण नव्हतं, कादंबरीचे हप्ते नव्हते. ते कवितेला वाहिलेलं होतं. ‘काव्यरत्नावली’ हे त्याचं नाव आणि नारायण नरसिंह फडणीस हे त्याचे संपादक. छापखाने, कॉलेजं आणि वर्तमानपत्रं मुंबई-पुण्यात एकवटलेली असताना खानदेशातल्या एका व्यापारी गावाने कवितेचं मासिक काढावं आणि ते जवळजवळ अर्धशतक चालवावं, ही गोष्ट आजही थक्क करणारी आहे. केशवसुतांच्या कविता या मासिकात छापून आल्या. गावोगावचे मास्तर, कारकून, विद्यार्थी आपल्या वह्यांमधल्या कविता टपालाने जळगावला पाठवत. एकमेकांना कधी न पाहिलेली ही माणसं महिन्यातून एकदा त्या पानांवर शेजारी शेजारी बसत.

मग त्यांना प्रत्यक्ष भेटावंसं वाटलं, यात नवल नाही. १९०७ मध्ये जळगावात कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पेशाने शल्यचिकित्सक, ध्यास वनस्पतिशास्त्राचा. भारतीय औषधी वनस्पतींवरच्या मोठ्या इंग्रजी ग्रंथावर पुढे त्यांचं नाव लागलं. अशा माणसाने कवींच्या मेळाव्याचं अध्यक्षपद भूषवलं, यावरून त्या काळच्या साहित्यप्रेमाचा पैस कळतो. या संमेलनात धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा सतरा वर्षांचा मुलगा उभा राहिला आणि त्याने कविता म्हटली. ऐकणारे भारावले. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली, आणि ठोमरे हे आडनाव मराठी वाचक जवळजवळ विसरूनच गेला. संमेलनाला रेव्हरंड नारायण वामन टिळकही आले होते. पुढे बालकवी नगरला टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त त्या दिवसांच्या खुणा आहेत. एका दुपारच्या काव्यवाचनातून एका मुलाला नाव मिळालं, वडीलधारा स्नेही मिळाला आणि राहायला घरही मिळालं. साहित्याच्या इतिहासात कवितासंग्रहांच्या तारखा नोंदल्या जातात. अशा भेटींना मात्र तळटीपेत जागा मिळते, आणि तो अन्याय आहे.

या भेटीगाठींची जमीन त्याआधी ऐंशी वर्षं तयार होत होती. रत्नागिरीत १८२८, अहमदनगरला १८३८, नाशिकला १८४०, पुण्यात १८४८, कोल्हापुरात १८५०, सोलापुरात १८५३: मराठी मुलखातली जुनी वाचनालयं अशी एकामागून एक उभी राहिली. त्यातली बरीच ‘नेटिव्ह लायब्ररी’ या नावाने सुरू झाली. साहेब अधिकाऱ्यांचा आश्रय, संस्थानिकांच्या आणि सरदारांच्या देणग्या आणि चार शिकलेल्या माणसांची वर्गणी यांवर त्यांचा गाडा चाले. पुण्याच्या लायब्ररीसाठी लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखांनी खटपट केली. त्याच वर्षी त्यांची शतपत्रं ‘प्रभाकर’मध्ये येऊ लागली होती. पुस्तकं वाचा, जगात काय चाललं आहे ते पाहा, हा त्यांचा धोशा होता, आणि वाचनालय ही त्या धोश्याची विटामातीची बाजू होती.

पण या लायब्रऱ्यांच्या कपाटांत मराठी पुस्तकं फार थोडी होती. इंग्रजीचा भरणा होता. याची बोच ठाण्यातल्या काही तरुणांना लागली आणि १ जून १८९३ रोजी त्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केलं. विनायक लक्ष्मण भावे हे त्यांतले एक, तेव्हा जेमतेम बाविशीचे. मराठीत छापलेलं जे जे मिळेल ते जमवायचं, ही त्यांची प्रतिज्ञा. पुस्तकं जमवता जमवता भावे जुन्या हस्तलिखितांकडे वळले आणि त्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा प्राचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. आधी कपाट भरलं, मग इतिहास लिहिला गेला, हा क्रम महत्त्वाचा आहे. पाच वर्षांनी, १८९८ मध्ये, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं. पुढे त्याच्या शाखा शहरभर पसरल्या आणि गिरगाव-दादरच्या चाळींतून संध्याकाळी पुस्तक बदलायला जाणं हा अनेक घरांचा नित्यक्रम झाला.

लिहिणाऱ्यांनीही एकत्र बसावं, ही कल्पना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी यांची. दोघांनी १८७८ च्या फेब्रुवारीत ‘ज्ञानप्रकाश’मधून आवाहन केलं आणि ११ मे रोजी पुण्याच्या हिराबागेत मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. पन्नासएक माणसं आली. आज लाखोंची वर्दळ असलेलं जे अखिल भारतीय साहित्य संमेलन आपण पाहतो, त्याचं हे मूळ. मराठी ग्रंथ छापले जावेत, विकले जावेत, लिहिणाऱ्याला आधार मिळावा, अशी साधी व्यवहारी काळजी त्यामागे होती.

दुसरी सभा १८८५ मध्ये ठरली तेव्हा जोतीराव फुल्यांना निमंत्रण गेलं. त्यांनी नकार दिला, आणि नकाराचं पत्र लिहून दिला. जे लोक इतरांचे माणूस म्हणून असलेले हक्क प्रत्यक्ष व्यवहारात मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि त्यांच्या पुस्तकांतल्या विचारांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. हे पत्र ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झालं. मराठी साहित्यव्यवहारावर याहून नेमका आक्षेप त्या शतकात कोणी घेतला नाही. सभा भरली, ठराव झाले. पण सतरंजीवर कोण बसलं आहे आणि कोण बसलेलं नाही, हा प्रश्न फुल्यांनी तिथे ठेवून दिला. पुढच्या शंभर वर्षांत मराठीत जे जे नवं झालं, त्यातलं बरंचसं या प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे.

जळगावकडेच पाहा. १९०७ मध्ये तिथे कविसंमेलन भरलं तेव्हा त्याच गावात चौधरींच्या वाड्यात पंचविशी ओलांडलेली एक सून नांदत होती. माहेर जवळच्याच आसोद्याचं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर दळताना, शेतात राबताना ती लेवा गणबोलीत ओव्या रचत होती. बहिणाबाई चौधरी. कवींची ती पंगत तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर बसली असेल. तिला तिथे बोलवावं असं कोणाला सुचण्याचा संभवच नव्हता. तिचे शब्द टिकले ते घरातल्यांमुळे. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ते कागदावर उतरवून घेतले. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना वाचून दाखवली, अत्रे हरखून गेले आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. जिला अक्षर गिरवता आलं नाही, तिची कविता आज मराठी शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या पाठ्यपुस्तकात येऊन जाते.

तिला कविता कशी साधली, याचं एक उत्तर ऐकण्यात आहे. छापील पुस्तक येण्याआधी आणि आल्यावरही पुष्कळ वर्षं मराठी माणूस पुस्तक कानाने वाचत होता. चातुर्मासात देवळात नाहीतर कोणाच्या तरी ओसरीवर पोथी लागे. श्रीधरांचा ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’, नाहीतर ज्ञानेश्वरी. एक वाचणार, गाव ऐकणार, मधेच कोणी अर्थ विचारणार. भजन, कीर्तन, ओवी यांतून छंदाची लय अंगात मुरत असे. वाचनालयाच्या बाकावर बसून शांतपणे एकट्याने वाचणं ही सवय बाहेरून आली; पुस्तकाभोवती घोळका करणं ही मात्र इथलीच, अस्सल जुनी.

म्हणूनच १९२३ मध्ये पुण्यात जे घडलं ते इतक्या झटपट रुजलं. श्रीधर बाळकृष्ण रानडे आणि त्यांच्या पत्नी मनोरमाबाई यांच्याभोवती काही कवी रविवारी चहाला जमू लागले. आधी गंमतीने ‘सन-टी क्लब’ असं नाव पडलं. त्यातून रविकिरण मंडळ झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, रानडे दांपत्य, ‘नाट्यछटा’ हा प्रकार मराठीत आणणारे दिवाकर, वि. द. घाटे, ग. त्र्यं. माडखोलकर, द. ल. गोखले अशी ही मंडळी. कोणी फार्सीचे प्राध्यापक, कोणी शाळामास्तर, कोणी कारकून. यशवंत येरवड्याच्या सुधारगृहाच्या शाळेत कारकुनी करत. माधव जूलियन म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन. फार्सी-मराठी कोश करणारा, छंदशास्त्रावर ‘छंदोरचना’ लिहिणारा विद्वान. मुंबई विद्यापीठाची डी. लिट. त्यांना याच ग्रंथासाठी मिळाली.

रविवारच्या बैठकीत नवी कविता वाचली जाई आणि तिची चिरफाडही होई. मात्रा चुकली का, यमक ओढून आणलं का, शब्द जड झाला का, हे तोंडावर सांगितलं जाई. लिहिणाऱ्याला स्तुती कुठेही मिळते. आपली कविता गांभीर्याने मोडून पाहणारे चार जण मिळणं दुर्मीळ. मंडळाने प्रकाशकाची वाट पाहिली नाही. ‘किरण’ हा पहिला संग्रह त्याच वर्षी काढला आणि पुढे सदस्यांची छोटी छोटी पुस्तकं मंडळाच्याच नावाने येत राहिली. सुनीत, खंडकाव्य, गज्जल असे प्रकार त्यांनी हाताळले. मराठीत गझलेची वाट पहिल्यांदा नीट आखली ती माधव जूलियन यांनी.

आणि त्यांनी कविता गायली. यशवंत आणि गिरीश गावोगाव गेले. गणेशोत्सवात, शारदोत्सवात, व्याख्यानमालांत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत त्यांनी चालीवर कविता म्हटल्या. यशवंतांची ‘आई’ घराघरांत पोचली ती या मार्गाने. पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसलेल्या माणसालाही ती पाठ होती. काव्यगायनाने शब्दाचं सत्त्व सुरात विरघळून जातं, अशी टीका झाली. टीकेत तथ्य होतं. गोड चालीखाली कच्ची ओळ खपून जाते. तरीही पोथी ऐकणाऱ्या समाजाला आधुनिक कवितेकडे वळवण्याचं काम या गळ्यांनी केलं, हे मान्यच करावं लागेल.

मंडळाची सर्वांत मोठी परीक्षा घेतली ती अत्र्यांनी. ‘केशवकुमार’ या नावाने त्यांनी लिहिलेली विडंबनं ‘झेंडूचीं फुलें’ म्हणून १९२५ मध्ये आली आणि रविकिरणांच्या लकबी महाराष्ट्राला हसून हसून पाठ झाल्या. विडंबन करायलाही मूळ कविता रक्तात भिनलेली असावी लागते. ज्या कानाने अत्र्यांनी या कवींच्या खोडी पकडल्या, त्याच कानाने सत्तावीस वर्षांनी बहिणाबाईंची ओवी ओळखली.

रविकिरण मंडळ फार वर्षं टिकलं नाही. माडखोलकर नागपूरला गेले, माधव जूलियन कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात, यशवंत पुढे बडोद्याचे राजकवी झाले. अशा मंडळांचं आयुष्य तसंही एका पिढीच्या उमेदीएवढंच असतं. पण त्यांनी टाकलेलं बी भलतीकडे उगवतं. अमरावतीचे सुरेश भट हे त्याचं ठळक उदाहरण. माधव जूलियन यांनी आणलेली गझल भटांनी मराठी मातीत मुरवली आणि नवख्यांसाठी ‘गझलेची बाराखडी’ ही छोटी पुस्तिका लिहिली. मतला म्हणजे काय, काफिया कुठे, रदीफ कुठे, कोणती सूट घ्यायची नाही, हे त्यात मास्तरी नेटकेपणाने सांगितलेलं आहे. गावोगावच्या होतकरू कवींना ते ती पाठवत, त्यांच्या रचना तपासत, पत्रं लिहीत. आज विदर्भ-मराठवाड्यात गझलेचे मुशायरे गच्च भरतात. लेखन शिकवता येत नाही असं म्हणणाऱ्यांनी ही बाराखडी पाहावी.

फुल्यांच्या प्रश्नाला थेट उत्तर मिळालं ते मुंबईत. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि तिथल्या विद्यार्थ्यांतून सिद्धार्थ साहित्य संघ उभा राहिला. त्यातून महाराष्ट्र दलित साहित्य संघ झाला आणि २ मार्च १९५८ रोजी दादरला पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं. उद्घाटक होते अण्णाभाऊ साठे. वाटेगावात मांगवाड्यात जन्मलेले, शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेले, गिरणीत काम केलेले, तमाशा आणि पोवाड्यातून घडलेले. शेषाच्या मस्तकाची पुराणकथा बाजूला सारून पृथ्वीचा भार दलितांच्या आणि कष्टकऱ्यांच्या तळहातावर आहे, असं त्यांनी तिथून बजावलं. त्या वाक्याने एका पिढीच्या लेखणीत बळ भरलं.

औरंगाबादेत हेच काम मिलिंद कॉलेजच्या परिसरात झालं. प्राचार्य म. ना. वानखडे, गंगाधर पानतावणे आणि त्यांचे सहकारी विद्यार्थ्यांना सांगत होते की तुमच्या वाट्याला जे आलं तेच लिहा, तुमच्या बोलीत लिहा. १९६७-६८ च्या सुमारास ‘अस्मिता’ आणि मग ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक सुरू झालं. पानतावण्यांनी ते २०१८ मध्ये जगाचा निरोप घेईपर्यंत, म्हणजे सुमारे पन्नास वर्षं चालवलं. ‘अस्मितादर्श’चे लेखक-वाचक मेळावे गावोगाव भरत. पहिल्यांदा कविता लिहिलेला बांधकाम मजुराचा मुलगा तिथे प्राध्यापकांच्या बरोबरीने बसे आणि त्याचं लिखाण संपादक स्वतः वाचत. जळगावच्या फडणीसांचा टपालाचा धागा इथे पुन्हा दिसतो. फरक एवढाच की आता पत्र पाठवणारा पूर्वी सतरंजीच्या बाहेर होता.

ही पुस्तकं छापणार कोण आणि घेणार कोण, हा १८७८ चा व्यवहारी प्रश्न मात्र तसाच होता. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची, आणि तीही वर्षानुवर्षं गोदामात. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर दिनकर गांगल आणि त्यांच्या पत्रकार-लेखक मित्रांनी यावर ‘ग्रंथाली’ हा तोडगा काढला. वाचकाने आधी पैसे भरून सभासद व्हायचं आणि त्याला पुस्तक स्वस्तात मिळायचं. वाचकांनी उभं केलेलं हे प्रकाशन. कार्यकर्ते पुस्तकांचे गठ्ठे घेऊन एसटीने तालुक्याच्या गावी जात, शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शनं मांडत. याच यंत्रणेतून १९७८ मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ आलं आणि १९८० मध्ये लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’. ही आत्मकथनं मराठी वाचकाला हादरवून गेली, आणि ती त्याच्या हातात पडली ती वाचकांच्याच वर्गणीतून.

मध्यमवर्गीय वस्त्यांत आणखी एक रीत जोपासली गेली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढल्यापासून दिवाळी म्हणजे फराळ आणि अंक असं समीकरण जमलं. सगळे अंक विकत घेणं कोणालाच परवडत नाही. मग बिल्डिंगमधली दहा-बारा घरं किंवा ऑफिसातली माणसं पैसे काढतात, वीस-पंचवीस अंक घेतात आणि ते आठवड्या-पंधरवड्याला घरोघर फिरतात. फेब्रुवारीपर्यंत अंकांचे कोपरे दुमडलेले असतात, कोड्यांची पानं गायब झालेली असतात. वाचनालयंही दिवाळी अंकांची वेगळी योजना लावतात.

सरकारनेही आपला वाटा उचलला. १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग पाडून अनुदान मिळू लागलं. राज्यात आज अशी हजारो वाचनालयं आहेत. त्यांतली पुष्कळशी एका खोलीची आहेत, आणि ती चालवणारा सेवक ज्या मानधनावर राबतो ते लाजिरवाणं आहे. संमेलनाच्या मांडवावर एका दिवसात जो पैसा उधळला जातो, त्यातला थोडा तरी या खोल्यांपर्यंत पोचायला हवा. तालुक्याच्या गावात स्पर्धा परीक्षेची पोरं, पेपर वाचायला येणारे निवृत्त शिक्षक आणि कादंबरी बदलायला आलेली बाई एकाच छताखाली बसतात, अशी दुसरी जागा तिथे नसते.

नवे प्रयोगही होत आहेत. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचं स्ट्रॉबेरीचं गाव भिलार ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ झालं. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी, बहुतेक गावकऱ्यांच्या राहत्या घरांतच, पुस्तकांची दालनं उघडली गेली. पाहुणा कोणाच्या पडवीत बसून दिवसभर वाचू शकतो. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना चालवली: शंभर पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या एका गटाकडे द्यायची, त्यांनी ती आपसांत वाचायची, मग पेटी बदलून घ्यायची. या पेट्या सोसायट्यांत गेल्या, तुरुंगांत गेल्या, दुबईसारख्या ठिकाणच्या मराठी कुटुंबांकडेही गेल्या.

सीमाभागात मात्र या मंडळींना वेगळीच धार आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव आणि भोवतालची मराठी गावं आताच्या कर्नाटकात गेली. मराठीसाठी आंदोलनं झाली, खटले चालले. त्याच वेळी कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा शेतकरी गावांनी आपापली साहित्य संमेलनं सुरू केली. एक दिवसाचं संमेलन, एका गावाने भरवलेलं. सकाळी ग्रंथदिंडी निघते. पालखीत ज्ञानेश्वरी आणि गाथा, पुढे लेझीम, टाळकरी, डोक्यावर कलश घेतलेल्या बाया. पैसा गावातून उभा राहतो, मांडव गावची पोरं घालतात. महाराष्ट्रातून नामवंत अध्यक्ष येतात, भाषण होतं, कथाकथन होतं. दुपारी सगळ्यांची पंगत बसते. त्यानंतर कविसंमेलन लागतं आणि पाहुण्या कवींच्या रांगेत गावातले कवी आपल्या वह्या घेऊन बसतात. समोर बसलेल्यांत मराठी शाळेची मुलं असतात; दरवर्षी त्यांच्यातलंच कोणीतरी पुढच्या वर्षासाठी नाव नोंदवून जातं.